शनिवार लांबतो तेव्हा

धाकटा भाऊ गेला तेव्हा चर्च म्हणजे माझ्यासाठी ख्रिसमसचे नवे कपडे, गोठा आणि केक एवढंच उरलं होतं. ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द ऐकले की डोकं फिरायचं. मग श्रद्धा परत आली ती कुठून? उत्तर देणाऱ्यांकडून तर नक्कीच नाही.

शनिवारी तुमचा अलार्म किती वाजता असतो?

आठवडाभर लोकलला लटकून, बॉसची बोलणी खाऊन, शुक्रवारी रात्री उशिरा घरी पोहोचलेल्या कुठल्याही शहाण्या माणसाला हा प्रश्नच उद्धट वाटेल. शनिवारी कसला अलार्म? माझा मात्र दीड वर्षं पहाटे साडेपाचचा होता. सातच्या शिफ्टला डायलिसिस असायचं. मंगळवार आणि गुरुवारी पप्पा जायचे, शनिवार माझा. भावाला रिक्षात घालायचं, सेंटरवर न्यायचं, चार तास बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत लॅपटॉप उघडून बसायचं, आणि अकरा-साडेअकराला पिळून काढलेल्या कपड्यासारख्या झालेल्या त्या पोराला घरी आणायचं.

तो गेल्यावर मी अलार्म बंद केला. तरी साडेपाचला डोळे उघडायचेच.

घरात सगळे त्याला बाबू म्हणायचे. इथंही तेच म्हणते.

वसई फास्ट

आम्ही वसईचे. केळीची वाडी आता नावापुरतीच उरलीय, विहीर आहे, आणि चालत दहा मिनिटांवर चर्च आहे. तुमच्या ऑफिसात एखादा डिसोझा किंवा लोपीस अस्खलित मराठीत भांडताना पाहून तुम्हाला नवल वाटलं असेल, तर तो बहुधा आमच्याकडचा. मराठी आमची घरचीच. मिस्सा मराठीत, गाणी मराठीत, भांडणं तर मराठीतच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, म्हणजे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते ते, आमच्याच वसईतल्या नंदाखालचे. त्यांनी सोप्या मराठीत केलेलं ‘सुबोध बायबल’ आमच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये होतं. शोकेसमध्येच होतं, हे महत्त्वाचं.

मी नोकरीला लागले आणि रविवारची मिस्सा हळूहळू सुटली. भांडण वगैरे काही नव्हतं, झोप हवी होती इतकंच. आई विचारायची, ‘‘येतेस का गं?’’ मी पांघरूण डोक्यावर घ्यायचे. बाबू मात्र जायचा. गायकवृंदात तो होता, आवाज बरा होता आणि तिथल्या दोन मुली त्याला आवडायच्या. दोन्ही कारणं तो मोकळेपणानं सांगायचा.

जुलै २०१७मध्ये त्याचे पाय सुजले. तो चोवीस वर्षांचा होता. जागरणं, बाहेरचं खाणं, असं म्हणून आम्ही पंधरा दिवस घालवले. मग रक्त तपासलं. दोन्ही किडन्या जवळजवळ निकामी झालेल्या. ब्लड प्रेशर कधीपासून वाढलेलं होतं कुणास ठाऊक. चोवीस वर्षांच्या पोराचं बीपी कोण बघतं?

ज्यांना या प्रकरणाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डायलिसिस म्हणजे किडनीचं काम मशिननं करणं. आठवड्यातून साधारण तीनदा, दर वेळी चार तास. त्यासाठी हातातली रक्तवाहिनी ऑपरेशन करून जोडून घेतात, तिला फिस्टुला म्हणतात. पाण्यावर रेशन. बाबूला दिवसाला एक लिटर, त्यातच चहा, आमटी सगळं आलं. मे महिन्यात तो बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचा आणि म्हणायचा, ‘‘ताई, हा माझा पेग.’’

सप्टेंबर २०१८मध्ये आई वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेला गेली. तिथे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मिळतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतं, ते मेणाचं घेऊन मारियामातेच्या चरणी ठेवायचं. आईनं किडनी मागितली. दुकानवाली म्हणाली, ‘‘किडनी नाही येत आंटी, पूर्ण माणूस घ्या. त्यात सगळं आलं.’’ आईनं मेणाचा पूर्ण माणूस घेतला. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा आम्ही चौघंही हसलो. बाबू सगळ्यात जास्त.

एप्रिलनंतर

आता जे लिहिणार आहे, ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

कायद्यानं जवळचे नातेवाईक किडनी देऊ शकतात. आपल्याकडे १९९४पासून तसा कायदा आहे आणि भावंडं त्यात येतात. आईला डायबेटीस, म्हणून ती बाद. पप्पांचं वय आणि बीपी, तेही बाद. मृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवलेलं होतं, पण ती यादी किती लांबते ते त्या सेंटरवरचा कुणीही सांगेल. राहिले मी. एकोणतीस वर्षांची, धडधाकट, रक्तगटही तोच.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी मला टेस्टची यादी दिली. त्यांनी सगळं नीट समजावलं. एका किडनीवर माणूस व्यवस्थित जगतो, काही आठवड्यांत कामावर जातो, पुढे मूलही होऊ शकतं, फक्त नीट देखरेख लागते. मी मान डोलावली. यादीची घडी केली आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

कारण त्या वर्षी माझं प्रमोशन होतं. कारण मे महिन्यात लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या सासूबाई काळजीच्या सुरात म्हणाल्या होत्या, ‘‘एका किडनीवर बाळंतपण म्हणजे रिस्कच ना गं?’’ आणि खरं सांगायचं तर, कारण मला भीती वाटत होती. सुईची, भुलीची, पोटावरच्या त्या लांब खुणेची. मी बाबूला म्हटलं, ‘‘अप्रेझल होऊ दे. एप्रिलनंतर करू.’’

तो म्हणाला, ‘‘कर गं निवांत. मी कुठे चाललोय?’’

फेब्रुवारी २०१९मध्ये त्याचा फिस्टुला बंद पडला, गुठळी झाली. मानेतून तात्पुरती नळी टाकली. तिथून इन्फेक्शन रक्तात गेलं. पाच दिवस आयसीयू. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, राखेचा बुधवार होऊन जेमतेम आठवडा झाला होता, बाबू गेला.

एप्रिलला अजून अठरा दिवस होते.

मी ऑक्टोबरमध्ये टेस्ट सुरू केल्या असत्या तर तो वाचला असता का? छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. टेस्टमध्ये मीही बाद ठरले असते, ऑपरेशन बिघडलं असतं, काहीही झालं असतं. हे सगळं मला कळतं. पण पहाटे साडेपाचला डोळे उघडतात तेव्हा कळण्याचा काही उपयोग नसतो.

सांत्वनाची साथ

मग माणसं आली. खूप माणसं आली. वसईत कुणी गेलं की घर एकटं पडत नाही. रोज संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना, सातव्या दिवसाची मिस्सा, शेजारणींनी वाटून घेतलेले डबे. त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे.

पण बोलणं! ‘देवाची इच्छा.’ ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.’ ‘सुटला बिचारा.’ ‘देव झेपेल तेवढंच ओझं देतो.’ ऑफिसमधली मंडळी धर्मानुसार शब्द बदलायची, अर्थ तोच. कुणी म्हणालं कर्म, कुणी म्हणालं युनिव्हर्सचा प्लॅन. एकानं पॉझिटिव्ह थिंकिंगचं जाडजूड पुस्तक दिलं. एचआरनं तीन दिवसांची रजा दिली आणि चौथ्या दिवशी ‘टेक युवर टाइम’ असं लिहिलेल्या मेलखालीच रिपोर्ट मागितला.

मला वाटायचं, देवाची ही अशी इच्छा असेल तर तो देव माझ्या कामाचा नाही. आणि त्याची इच्छा नसेल, तर मग जे झालं ते कुणामुळे झालं? त्या प्रश्नाचं उत्तर ड्रॉवरमध्ये घडी घालून ठेवलेलं होतं.

महिन्याची मिस्सा झाली. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. आई म्हणाली, ‘‘आठवड्यात कन्फेशन कर. फादर येतायत बाहेरचे.’’ मी गेले. श्रद्धेनं वगैरे नाही. मला ते वाक्य कुणाला तरी सांगायचं होतं, आणि जो ऐकून बाहेर कुठे बोलणार नाही असा माणूस मुंबईत फुकट मिळत नाही.

फादर काय म्हणाले

म्हातारे होते. जाळीपलीकडून फक्त त्यांचा कान आणि पांढरे केस दिसत होते. मी धडाधडा बोलले. किडनी, अप्रेझल, सासूबाई, भीती, एप्रिल. मग थांबले. मला वाटलं होतं, दोनच गोष्टी होतील. एक तर ‘तुझा काही दोष नाही बाळा’ म्हणतील, जे खोटं वाटेल. नाहीतर लांबलचक प्रायश्चित्त देतील, जे कमी वाटेल.

ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘मला भाऊ होता. मी त्याच्याशी सहा वर्षं बोललो नव्हतो.’’ एवढंच. नंतर म्हणाले, ‘‘तू घाबरलीस. ते खरं आहे. ते पाप की दुबळेपणा, हे तू मोजत बसू नकोस. जे आहे ते देवासमोर ठेव. तो मोजमापात आपल्यापेक्षा बरा आहे.’’ आणि मग, ‘‘घरी बायबल आहे का? ईयोब वाच. पण देवाचं भाषण नंतर. आधी मित्र काय करतात ते बघ.’’

शोकेसमधलं बायबल बाहेर आलं.

तुम्ही ईयोबाची गोष्ट ऐकली असेल किंवा नसेल. सज्जन माणूस. मुलंबाळं, गुरंढोरं, तब्येत, सगळं एकामागून एक जातं. तीन मित्र भेटायला येतात. आणि पहिली गोष्ट काय करतात, तर सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसतात. एक शब्द बोलत नाहीत. इथवर ते उत्तम मित्र असतात. मग तोंड उघडतात आणि सगळं बिघडतं! काहीतरी चूक केली असशील, देव उगाच शिक्षा करत नाही, कबूल कर, वगैरे वगैरे. पानंच्या पानं. ऑफिसमधल्या त्या पुस्तकाची आठवण यावी असं.

ईयोब ऐकून घेत नाही. तो भांडतो. देवालाच कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि बेचाळिसाव्या, म्हणजे शेवटच्या अध्यायात गंमत अशी, की देव रागावतो तो मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही योग्य बोलला नाहीत, ईयोब बोलला, असा त्याचा रोख. ‘का?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र देव शेवटपर्यंत देत नाही.

मी पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदा मोकळं वाटलं. म्हणजे भांडणाऱ्याला इथं जागा होती. बाबूच का, हे ओरडून विचारणं म्हणजे श्रद्धा सोडणं नव्हतं. मग स्तोत्रसंहिता उघडली. त्यात दीडशे स्तोत्रं आहेत. मला वाटायचं सगळी स्तुतीचीच असतील. बघते तर कितीतरी विलापाची. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी नेहमीचं गोड वळणसुद्धा नाही. ज्यांनी हे बायबलमध्ये राहू दिलं, त्यांना दुःख माहीत होतं.

रिकामा शनिवार

पवित्र आठवड्यातला शुक्रवार सगळ्यांना ठाऊक असतो. बँक हॉलिडे असतो ना! रविवारही ठाऊक असतो. मधला शनिवार कुणाच्या लक्षात नसतो. त्या दिवशी दिवसभर मिस्सा नसते. वेदीवरचं कापडसुद्धा काढून ठेवलेलं असतं. येशू मेलेला आहे, शिष्य दारं लावून बसलेले आहेत, आणि उद्या काय होणार हे त्यांना माहीत नाही. आपण त्यांची गोष्ट शेवट ठाऊक असताना वाचतो. त्यांना तो शनिवार शेवट न कळता काढावा लागला.

२० एप्रिल २०१९. मी साडेपाचला उठले आणि सहा वाजता चर्चमध्ये जाऊन बसले. डायलिसिसच्या वेळी. आत अंधार होता, एक म्हातारी बाई झाडू मारत होती. तिनं माझ्या बाकाखालून झाडू फिरवला, मी पाय वर घेतले. मी प्रार्थना केली नाही. चार तास मात्र बसले, सेंटरवर बसायचे तसेच. आणि मला वाटलं, ख्रिस्ती धर्मात असा एक अख्खा दिवस आहे, ज्यात काहीच होत नाही, आणि तोही पवित्र आहे. माझा तो दीड वर्षाचा शनिवारही मग वाया गेलेला नसेल.

त्या रात्री जागरणाच्या विधीला आईबरोबर गेले. सगळे दिवे मालवतात. बाहेर अंगणात नवी आग पेटवतात, तिच्यावरून मोठी मेणबत्ती लावतात आणि ती अंधारातून आत येते. मग एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. माझी मेणबत्ती पुढच्या बाकावरच्या एका लहान मुलानं लावून दिली. गायकवृंदात बाबूची जागा त्यांनी रिकामी ठेवली होती. मी रडले. पण ते रडणं घरच्या रडण्यापेक्षा वेगळं होतं, एवढंच सांगता येतं.

इथं लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, ईस्टरच्या रविवारी, टीव्ही लावला आणि श्रीलंकेची बातमी. कोलंबोचं सेंट अँथनी, नेगोंबोचं सेंट सेबॅस्टियन, बट्टिकलोआचं झायन चर्च, शिवाय हॉटेलं. ईस्टरच्या उपासनेला आलेली माणसं, नवे कपडे घातलेली मुलं. अडीचशेहून अधिक माणसं गेली. रात्री आमच्यासारख्याच मेणबत्त्या कदाचित त्यांनीही पेटवल्या असतील.

पप्पा टीव्हीसमोर बसून राहिले. मला वाटलं, झालं, कालचं सगळं खोटं. पण पुढे तिथल्या कॅथलिक समाजाचे कार्डिनल माल्कम रणजित वारंवार दोन गोष्टी सांगताना दिसले. बदला घेऊ नका, आणि सत्य बाहेर आलं पाहिजे. क्षमा आणि न्याय, दोन्ही. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आशा म्हणजे ‘सब ठीक हो जाएगा’ नव्हे. ठीक झालेलं नसतानाही द्वेषाला नकार देता येतो आणि हिशोबही मागता येतो, ती आशा.

केडगावची बाई

ऑफिसात नगरची एक मैत्रीण आहे. प्रोटेस्टंट, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर वाढलेली. तिनं मला त्याच वर्षी एका रविवारी केडगावला नेलं. पुणे ते दौंड लाइनवर, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला.

रमाबाईंचं नाव शाळेत पाठ केलं होतं: विदुषी, समाजसुधारक, दोन मार्क. त्यांचं दुःख कुणी शिकवलं नव्हतं. १८५८चा जन्म. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण, तिघांनाही उपासमारीनं नेलं. उरले दोघं, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी देश पालथा घातला, कलकत्त्याला पोहोचले, आणि १८८० साली तो भाऊही गेला. मग लग्न, आणि दोन वर्षांच्या आत पतीचं निधन. पदरात छोटी मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याबद्दल आपल्या माणसांची बोलणी खाल्ली, आणि मिशनरी सांगतील ते सगळं मान्य केलं नाही म्हणून त्यांच्याही नजरेत खुपल्या.

मला थांबवलं ते पुढच्या गोष्टीनं. १८९६-९७च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि भुकेनं मरायला टेकलेल्या मुलींना घेऊन आली. स्वतःचं घर ज्या गोष्टीनं संपवलं होतं, तिच्याच तोंडी ती परत गेली. मुली जगल्या, शिकल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, अखेरपर्यंत त्याच कामात होत्या. १९२१मध्ये मनोरमा गेली, ज्या लेकीच्या हाती काम सोपवायचं होतं ती. १९२२च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या.

येताना गाडीत मैत्रीण म्हणाली, ‘‘तिला उत्तर मिळालं असेल का गं?’’ मी म्हटलं, ‘‘माहीत नाही. काम मिळालं.’’

ड्रॉवर उघडला

लग्न पुढे ढकललं होतं, ते २०२०च्या जानेवारीत साधेपणानं झालं. त्याआधी एका शनिवारी मी ती यादी घरी आणली आणि आईसमोर ठेवली. सगळं सांगितलं.

आई भाजी निवडत होती. म्हणाली, ‘‘ठाऊक होतं. बाबूनं सांगितलं होतं. म्हणाला, ताईला ढकलू नका, ती घाबरलीय.’’ मग बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘‘मला राग आला होता तुझा. अजून येतो कधीकधी. मग प्रार्थना करते. चहा ठेव.’’

मी चहा ठेवला. आजवर मला मिळालेली सगळ्यात खरी क्षमा तीच. राग नाकारून दिलेली नव्हती, रागासकट दिलेली होती.

पुनरुत्थानाच्या गोष्टीत एक बारकावा आहे, जो मला लहानपणी कधी दिसला नव्हता. थोमाला येशू भेटतो तेव्हा त्याच्या हातावर खिळ्यांच्या खुणा तशाच असतात. मरणातून उठलेल्या शरीरावरच्या जखमाही पुसता आल्या असत्या ना? पुसल्या नाहीत. त्या दाखवूनच ओळख पटते. माझी जखमही पुसली जाणार नाही, हे मी आता मान्य केलंय. पोटावर जी खूण व्हायची होती ती झाली नाही, दुसरीकडे झाली. तिच्यासकट मला कुणीतरी ओळखतं, यावर माझा विश्वास आहे. रोज नाही. आठवड्यातून चार दिवस धरा.

आमच्या पॅरिशमधली काही मंडळी डायलिसिस सेंटरवर जातात. मीही जाते. कुणाला रिक्षापर्यंत धरायचं असतं, कुणाच्या आईला सरकारी योजनेचा फॉर्म भरून हवा असतो, कुणाला नुसतं क्रिकेटबद्दल बोलायचं असतं. त्यात सगळ्या धर्मांचे आहेत. देवाचा विषय मी काढत नाही. कुणी काढला, तर ऐकते. मरणोत्तर अवयवदानासाठी नाव नोंदवलं आहे आणि घरच्यांना तसं स्पष्ट सांगितलं आहे. कारण ऐन वेळी होकार त्यांनाच द्यायचा असतो.

गेल्या महिन्यात तिथं एक विशीतला पोरगा बर्फाचा खडा चघळत होता. मला म्हणाला, ‘‘दीदी, तुम्ही इथं काय करता? तुमचं कोण आहे?’’

मी म्हटलं, ‘‘भाऊ आहे.’’

‘होता’ म्हणायचं होतं. पण चुकून आलेलं ते ‘आहे’ मी दुरुस्त केलं नाही.

शनिवारी माझा अलार्म आता पुन्हा साडेपाचचा आहे.

मित्राच्या घरी दुःख आहे? मग एवढं करा

• जा. काय बोलायचं ते सुचलं नाही तरी जा. ईयोबाचे मित्र गप्प होते तोवरच चांगले होते.

• ‘देवाची इच्छा’, ‘जे होतं ते चांगल्यासाठी’, ‘निदान सुटला तरी’ ही तीन वाक्यं घरी ठेवून या.

• ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका, तो सांगणार नाही. ‘मंगळवारी डबा मी आणते’ असं म्हणा.

• गेलेल्या माणसाचं नाव घ्या. घरच्यांना ते ऐकायचं असतं.

• पहिल्या आठवड्यात सगळेच असतात. तिसऱ्या महिन्यात फोन करा.

• तो देवावर चिडला तर देवाची वकिली करू नका. त्याला ती लागत नाही.

• आणि दुःख झोप, जेवण, काम सगळंच गिळू लागलं, तर प्रार्थनेच्या जोडीला समुपदेशकाकडे जा. दोन्हीत भांडण नाही. मी दोन्हीकडे गेले.